शोभेचं चित्र

मी जालन्यात टॅग लावायचं काम करतो असं सांगितलं की लोकांना वाटायचं, हा कपड्यांच्या दुकानात असणार. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. पुस्तकातला एकेक तुकडा संगणकावरच्या एडिटरमध्ये घ्यायचा आणि त्याच्या मागेपुढे टॅग लावायचे: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, ही आकृती. त्या टॅगांच्या जोरावर मोबाइल अंध माणसाला पुस्तक वाचून दाखवतो. पुढे समजावणं सोडून दिलं. ऐकणाऱ्याची तेवढी लायकी नसते असं माझं मत होतं. तसं मत माझं जवळजवळ सगळ्यांविषयीच होतं.

तो एडिटर म्हणजे एक नंबरचा कारकून. तक्त्याची ओळ बंद करायची राहिली की लाल रेघ. शीर्षक परिच्छेदात घुसलं की लाल रेघ. पण आत काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. गोदावरीला नर्मदा म्हणा, टॅग जागेवर असले की कोपऱ्यात हिरवा ठिपका. आमचे साहेबही त्याच वळणाचे. दिवसातून चारदा पाठीशी येऊन उभे राहायचे, मजकुराकडे ढुंकून बघायचे नाहीत, फक्त ठिपका बघायचे. "हिरवं हाय ना? मंग बिलकुल टेन्शन न्हाई. पुढचं घ्या जल्दी."

आकृती आली की मात्र एडिटर अडून बसायचा. तिच्यात काय दिसतं ते दोन-चार ओळींत लिहा, नाहीतर लाल रेघ हटणार नाही. नकाशा असला तर अर्धा तास गेलाच. त्यावर आमच्या खोलीनं तोड काढली होती. आकृतीच्या टॅगमध्ये ‘शोभेचं चित्र’ असा एक पर्याय असतो, वेलबुट्टी आणि फुलांच्या चौकटींसाठी ठेवलेला. तो निवडला की वर्णन लागत नाही आणि मोबाइल ते चित्र मुकाट्यानं गाळून पुढे जातो. आम्ही सगळ्याच आकृत्या शोभेच्या केल्या. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी ही तोड शिकवायची, अशी पद्धतच पडली होती.

अपवाद एका बाईंचा. त्या अंबडहून रोज बसनं यायच्या आणि प्रत्येक आकृतीचं वर्णन बसून लिहायच्या. दिवसाची पानं सगळ्यात कमी त्यांचीच. मी त्यांना निबंधवाल्या बाई म्हणायचो, तोंडावरसुद्धा. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, ज्याला दिसत न्हाई त्यानं कसं समजून घ्यावं?" मी म्हणालो, "बाई, ज्याला दिसत न्हाई त्याला तुम्ही लिहिलं का न्हाई ते तरी कुठं दिसून राह्यलंय?" सगळे हसले. मला तो विनोद इतका आवडला की मी तो दुपारी पुन्हा सांगितला.

मग शिक्षक भरतीच्या परीक्षेचं भूगोलाचं पुस्तक आलं. पहिले सात धडे माझ्याकडे, शेवटचे पाच बाईंकडे. माझे सात मी तीन दिवसांत उडवले.

माझी मोठी बहीण आमच्या गावी, घनसावंगीला असते. कॉलेजात असताना तिची दृष्टी गेली. त्याच परीक्षेला ती बसणार होती, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. पुस्तक तयार झालं तेव्हा मीच मोठ्या रुबाबात तिच्या मोबाइलवर टाकलं. "आमच्याकडचं हाय, एकदम बराबर," असंही वर म्हणालो. सात धड्यांत मी काय करून ठेवलंय हे तेव्हा मनातही आलं नाही. इतकी सवय झाली होती.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना एका रविवारी जीपनं तिच्याकडे गेलो. ती मोबाइल कानाशी धरून बसली होती.

"चौथ्या धड्यात बघ," ती म्हणाली. "गोदावरीला कोणती उपनदी कुठं मिळते ते नकाशात पाहा म्हणतं, आन् लगेच स्वाध्याय. आठ दिवस झाले, मागं-पुढं करून राह्यले. माझंच बोट कुठंतरी चुकून राह्यलंय. शेवटच्या पाच धड्यांत असं न्हाई होत. तिथले नकाशे कुणी इतके नीट सांगितलेत, की मला तोंडपाठ झाले. त्या माणसाला माझा नमस्कार सांग."

मोबाइल खराब असेल, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची किळस आली.

"तुझं बोट न्हाई चुकलं, ताई. ते नकाशे मी गाळले. शोभेची चित्रं म्हणून."

"गोदावरीचा नकाशा शोभेचा?"

"वर्णन लिहीत बसावं लागलं असतं."

आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहणारी नदी ती.

"तुझ्यापुढं होता तो नकाशा?"

"होता."

"दिसत होता?"

"हो."

तिनं मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. "मंग सांग. उगमापासून."

मी त्र्यंबकेश्वरपासून सुरुवात केली आणि पहिल्याच उपनदीला अडलो. त्या नकाशाकडे मी कधी बघितलंच नव्हतं.