तोंडातले खिळे

मामींना मी आधी ऐकलं आणि बऱ्याच वेळानं पाहिलं. आकाशातल्या विजेचं याच्या उलट असतं, ती आधी दिसते आणि मग ऐकू येते. पण मामींच्या मानानं वीज फारच मितभाषी.

मी त्या गल्लीत नवा होतो. माझ्या आरामखुर्चीची एक स्प्रिंग कापड फाडून वर आली होती आणि तिनं माझ्याशी जे वैर धरलं होतं, त्याचं वर्णन चारचौघांत करण्यासारखं नाही. म्हणून ती खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान शोधत निघालो. कोपऱ्यावर वळलो मात्र, आणि आभाळ बोललं,

"अहो खुर्चीवाले! माणसानं खुर्चीवर बसायचं असतं, खुर्चीनं माणसावर नाही!"

मी जागच्या जागी थिजलो. तारेवरची कबुतरं उडाली. या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसलेला एक सायकलवाला उतरून गुन्हेगारासारखा उभा राहिला. त्या दिवशी पलीकडच्या गावातल्या लोकांनीही आपापल्या खुर्च्या तपासून पाहिल्या असतील, अशी माझी खात्री आहे.

"डावीकडे वळा! डावीकडे! घड्याळ बांधता तो हात!"

मी घड्याळाच्या हाताला वळलो. दुकानात जमिनीवर बसून एक बारीक गृहस्थ सोफ्याच्या पाठीला रेक्झिन ठोकत होते.

"स्प्रिंग वर आलीय," मी म्हणालो.

"हं."

"कधीपर्यंत मिळेल?"

त्यांनी नुसत्या भुवया छताकडे उचलल्या. लगेच वरून निकाल आला, "परवा या! आणि तेच कापड पुन्हा लावू नका म्हणावं, विटून गेलंय! तपकिरी लावा! मळ दिसत नाही, आणि माणूस काही फार टापटिपीचा वाटत नाही!"

माझ्या आयुष्यात माझं इतकं अचूक मूल्यमापन इतक्या लांबून कोणी केलं नव्हतं. मी तपकिरी कापड लावून घेतलं.

हे गृहस्थ मुके नव्हते. त्यांचं तोंड खिळ्यांनी भरलेलं असायचं. या धंद्यात बारीक खिळे मूठभर तोंडात टाकतात, जिभेनं एकेक ओठावर आणतात, लोहचुंबकाच्या हातोडीनं तिथून उचलतात आणि कापडावर ठोकतात. हात मोकळा राहतो, काम झपाझप होतं. फक्त बोलता येत नाही. मामांचं तोंड रिकामं झालं की ते लगेच पुन्हा भरायचे. सगळी गल्ली त्यांना खिळेमामा म्हणायची. मामींना तोंडावर मामी म्हणायचे आणि पाठीमागे भोंगा. अर्थात ही 'पाठीमागे' म्हणण्याची सोय फार मर्यादित होती, कारण मामींना ऐकूही तितकंच यायचं.

खाली दुकान आणि वर दोन खोल्या. खिडकी दुकानाच्या दाराच्या बरोब्बर वर. त्या खिडकीतून मामी धंदा, संसार आणि गल्ली असा तीन खात्यांचा कारभार एकट्या पाहायच्या. कापडाचा भाव त्या सांगायच्या, उधारीवाल्याला त्या गाठायच्या. समोरच्या लाँड्रीवालीनं चादर उलटी वाळत घातली तर तेही त्यांच्याच अखत्यारीत. आणि मधूनच, "अहो, जेवायला या! तोंडातलं लोखंड काढून या!"

गल्लीच्या टोकाला प्रार्थनेचं सभागृह होतं. एक निवृत्त मास्तर तिथली प्रार्थना चालवायचे, पण पहिली ओळ मामीच उचलायच्या. त्यांनी उचलली की बाकीच्यांना ती खाली ठेवायची छाती होत नसे. मामा शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायचे. प्रार्थनेपुरते खिळे खिशात असायचे, ओठ हलत असायचे.

"काय मागता हो मामा, इतकं मन लावून?" मी एकदा विचारलं.

"काही नाही," मामा म्हणाले, "हिला जरा गप्प कर, म्हणतो. थोडी. दर आठवड्याला आठवण करून देतो."

आम्ही दोघंही पोट धरधरून हसलो.

मग एका वर्षी मामींचा आवाज बसला. त्यांनी आधी तो दोष चहाला दिला, मग सोफ्यात भरायच्या काथ्याच्या धुळीला आणि शेवटी, परंपरेनुसार, मामांना. एका आठवड्यात प्रार्थनेची पहिली ओळ आलीच नाही. सभागृह वाट बघत बसलं. मामींनी तोंड उघडलं, गळ्यावर हात ठेवला आणि पुन्हा मिटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची लेक आली आणि आईला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. स्वरयंत्रावर गाठ होती. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच.

डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "केमो आणि रेडिएशन दोन्ही देऊ. गाठ जाण्याची आशा चांगली आहे. आवाजाचं मात्र मी काही सांगू शकत नाही. आणि उपचार चालू आहेत तोवर एक शब्दही बोलायचा नाही."

"एकही नाही?" मामांनी विचारलं.

"एकही नाही."

मामा लेकीकडे बघून म्हणाले, "जमायचं नाही हिला." डोळे पुसायला ते खिडकीकडे वळले.

पण जमलं. मामी गप्प झाल्या आणि गल्लीचं कामकाज कोलमडलं. तशी मदतीला कमी नव्हती. लाँड्रीवाल्यानं आपली गाडी इस्पितळाच्या फेऱ्यांसाठी दिली. मामी परीटघडीच्या कपड्यांमध्ये बसून जायच्या आणि एखाद्या कॉलरची इस्त्री चुकलेली दिसली तर बोटानं दाखवायच्या. सोबतीला इतकी माणसं जायची, की नर्सनं एकदा विचारलं, "पेशंट कोण आणि वऱ्हाडी कोण?" घन काही गिळता येईना, तेव्हा घरोघरी सूप सुरू झालं. ते इतकं आलं, की मामांनी आयुष्यात प्रथमच तक्रार केली, "अहो, आजारी ती आहे, पातळ मी झालोय." मास्तर दर आठवड्याला मामींसाठी वेगळी प्रार्थना सांगायचे. कधी देवळाकडे न फिरकलेला पानपट्टीवालाही त्या पाच मिनिटांपुरता येऊन दारात उभा राहायचा. "आत या की," म्हटलं, तर म्हणायचा, "नको, मी फक्त मामींच्या भागाला आलोय."

सगळ्यांनी आपण होऊन आवाजही खाली आणला. लाँड्रीतला रेडिओ बंद झाला. भांडणं घरात होऊ लागली. मामींना दुखवू नये म्हणून आम्ही त्यांच्या खिडकीखालून चोरासारखे जायचो, आणि त्या वरून आमच्याकडे अशा बघायच्या, की या लोकांना झालंय तरी काय!

मामांचं तोंड उघडलं ते याच काळात. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, मामा भुवया वर करायचे आणि वरून काहीच यायचं नाही. एक दिवस त्यांनी तोंडातले खिळे बशीत काढून ठेवले आणि स्वतः भाव सांगितला. चुकीचा सांगितला. इतका कमी, की गिऱ्हाईकच म्हणालं, "मामींना विचारून घ्या." मग बशी कायमची झाली. एकेक खिळा बोटांनी उचलायचा, धरायचा, ठोकायचा. अंगठे सुजले, काम निम्म्यावर आलं. पण मामा बोलायला लागले. नव्या चपलेसारखा करकरणारा आवाज होता. वापरलाच नव्हता तर मऊ कुठून होणार?

"अगं, हिरवं रेक्झिन आलंय!" ते खालून ओरडायचे. "लाँड्रीवालीनं चादर पुन्हा उलटी घातलीय! दाताच्या डॉक्टरांनी सोफा नेला! पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले, मी हो म्हटलं!" एवढं बोलून हातोडी थांबवून ते वर बघत राहायचे. या शेवटच्या बातमीवर पूर्वी भिंतीचा गिलावा पडला असता. आता वरून एक टकटक यायची, ती मामींच्या हातातल्या मोजपट्टीची. मामा पुन्हा खाली मान घालून खिळा उचलायचे.

"तुम्हाला आता निवांत वाटत असेल," एक गिऱ्हाईक गमतीनं बोललं.

मामांनी त्याची खुर्ची आहे तशी त्याच्या हातात दिली. "दुसरीकडे करून घ्या."

एका संध्याकाळी त्यांनी मास्तरांना सभागृहाच्या पायरीवर गाठलं. मी सोबत होतो.

"मास्तर, एक अर्ज मागे घ्यायचाय."

"कसला?"

"वर केलेला."

मामांनी सगळं सांगितलं. मास्तरांनी हसू आवरलं, हे मी त्यांचं मोठेपण समजतो. "अहो, असे अर्ज तिथे दाखल होत नसतात. माझ्या बायकोनं चाळीस वर्षं माझ्याबद्दल काय काय मागितलंय, तुम्हाला कल्पना आहे? तरी मी उभा आहे ना?"

"तुमचं ठीक आहे. माझा मंजूर झाला."

"मामा, गाठ कशानं होते ते डॉक्टरांना विचारा."

"विचारलं. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. पण मला सांगता येतं."

पुढच्या आठवड्यात ते पहिल्या रांगेत बसले आणि मामींची ओळ त्यांनी उचलली. भलत्याच पट्टीत. अर्धं सभागृह त्यांच्यामागे वर चढलं, उरलेलं खालीच राहिलं. इतकी बेसूर प्रार्थना त्या छपराखाली कधी झाली नसेल, पण कोणी थांबलं नाही. पानपट्टीवाला त्या दिवशी आत येऊन बसला.

उपचार संपले. मामींच्या गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळवंडली होती, त्या निम्म्या उरल्या होत्या. पण तपासणीत गाठ दिसली नाही. लेकीनं इस्पितळाच्या जिन्यातच आईला मिठी मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हळूहळू बोलून बघा. आवाज येईल किंवा येणार नाही."

सगळी गल्ली त्या आवाजाकडे कान लावून बसली. मामी तोंड उघडायच्या, नुसती हवा यायची. शिकवलेले व्यायाम करायच्या आणि दमून खिडकी लावून घ्यायच्या. तेव्हा लाँड्रीवालीच्या सुपीक डोक्यातून निघालं, की व्यायामानं कधी कोणाचं तोंड सुटलंय का? राग यायला पाहिजे! दुसऱ्या दिवसापासून आम्ही मामींच्या खिडकीसमोर शिस्तीत बेशिस्त सुरू केली. लाँड्रीवालीनं ओल्या चादरी थेट मामांच्या पाटीवर टाकल्या. कोणी स्कूटर दुकानाच्या दारातच आडवी लावली. मी, या वयात, केळं खाऊन साल रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि वर बघत उभा राहिलो. पानपट्टीवाल्यानं तर त्यांच्या पायरीशी उभं राहून एका गिऱ्हाईकाला सांगितलं, "त्या दुकानाचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही हो!"

मामी खिडकीत आल्या. कमरेवर हात ठेवले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि घासलेल्या कागदासारखी एक खरखर आली. ती रस्त्यापर्यंत कशीबशी पोचली. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. आमचा डाव त्यांना कळला होता. त्या हसल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. लाँड्रीवालीनं चादरी काढल्या. मी साल उचलली.

मामांनी ठरवलं, अर्ज अजून मंजूरच आहे. मास्तरांचं ऐकून भागणार नाही, जिच्याविरुद्ध केला तिलाच सांगायला हवं.

त्या दुपारी मी सूप द्यायला वर गेलो होतो. मामी खिडकीशी बसल्या होत्या. मामा जिना चढून आले, हाताला चिकटवायच्या सरसाचा वास. मी उठायला लागलो.

"बसा हो," मामा म्हणाले. "एकट्यानं मला जमायचं नाही." मग मामींसमोर उभे राहून, शाळेत उभं केल्यासारखे, म्हणाले, "मी दर आठवड्याला देवाकडे मागत होतो. तू गप्प बसावीस म्हणून. थोडीच गं. थोडीच म्हटलं होतं मी."

मामींनी बोटानं मामांना जवळ बोलावलं. मामांनी कान खाली नेला. खोली इतकी शांत होती, की मलाही ऐकू आलं.

"माझं एक ऐकत नाही तो," मामी कुजबुजल्या. श्वास घेतला. "तुमचं बरं ऐकेल! शहाणेच आहात!"

एवढ्यानंच त्यांना ठसका लागला. मामांनी पाणी दिलं, पाठ चोळली. मला पोचवायला ते जिन्यापर्यंत आले आणि मधल्या पायरीवर त्यांनी माझा दंड धरला.

"ओरडली ना ती मला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही ऐकलंत. ओरडलीच ना?"

"ओरडल्या," मी म्हणालो. "चांगल्याच ओरडल्या."

मामा तिथेच पायरीवर बसले.

आवाज त्या दिवशी आला तेवढाच राहिला. पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. कामं वेळेवर होत नव्हती, वरून भाव ठणकावणारंही कोणी नव्हतं, म्हणून गिऱ्हाईकं हळूहळू तयार सोफ्यांच्या मोठ्या दुकानाकडे वळली. दीड वर्षानं मामा-मामी लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागेत आता चष्मे मिळतात.