हात दिसता कामा नये

मला त्याचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडपडदा नको. कल्याणात स्टेशनपासून दहा मिनिटांवर माझा फोटो स्टुडिओ होता आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, त्याचा. दुकानात, घरात, मनात मी त्याला कायम ‘समोरचा’च म्हणत आलो. नाव घ्यायची वेळ क्वचित यायची, आणि आली तरी मी टाळायचो.

आम्ही दोघं एकाच गुरूचे चेले. ऐंशीच्या सुमाराला ठाण्याला, नौपाड्यात, एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे टचिंग शिकलो. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलीने भरायचं आणि ब्लेडने खरवडायचं काम. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं त्या एवढ्याशा फिल्मवर भरून काढायचं. त्यासाठी एक उतरतं लाकडी टेबल असतं. मध्ये दुधी काच, खाली आरसा, आरशातून उजेड वर येतो आणि निगेटिव्ह उजळते. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. समोरच्याचं टोक दर पाच मिनिटांनी मोडायचं. मास्तर चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, “हात दिसतो रे तुझा.”

आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. टचिंग केलंय हे बघणाऱ्याला कळलं की संपलं. हात दिसता कामा नये. माझं काम हातात घेऊन मास्तर भिंगातून बघायचे आणि काहीही न बोलता खाली ठेवायचे. त्यांचं ते न बोलणं ऐकायला मी रोज अर्धा तास लवकर पोचायचो.

पुढे मास्तरांनी दुकान बंद केलं तेव्हा ते टेबल मला दिलं. समोरच्याला एक जुना ट्रायपॉड दिला, तोही एक पाय ढिला असलेला. मी टेम्पोतून टेबल नेत होतो तेव्हा तो फुटपाथवर ट्रायपॉड धरून उभा होता. तेव्हा मला त्याचा हेवा बिलकूल वाटत नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

मग मी कल्याणात स्टुडिओ काढला आणि वर्षभरात त्याला नेमकी समोरचीच जागा मिळाली. योगायोग, म्हणतो तो. म्हणू दे. मला फरक पडत नव्हता, कारण मुलींचे दाखवायचे फोटो माझ्याकडेच यायचे. आंबिवली, टिटवाळ्यापासून आया मुलींना घेऊन यायच्या. “दादा, जरा हे गालावरचं बघा हं,” एवढंच हळूच सांगायच्या. मी बघायचो. मुलगी तीच राहायची, गालावरचं जायचं. एकदा मुलाकडचे भांडायला आले होते, फोटोत बरी होती म्हणून. मी चहा पाजून परत पाठवलं. खोटं कशाला बोलू, मनातून गुदगुल्या होत होत्या.

नव्वदीचं दशक सरत आलं आणि समोरच्याने कॉम्प्युटर आणला. हार घातला, नारळ फोडला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मला पेढा पाठवला. पेढा चांगला होता, त्याचाही मला राग आला.

दोन दिवसांनी मी सहज म्हणून पलीकडे गेलेलो. म्हणजे सहज अजिबात नाही. तो एका मुलीच्या फोटोवर काम करत होता. माऊस फिरवला, गालावरचा डाग गेला. मग त्याची चूक झाली, नाकाचा शेंडाच पुसला गेला. मला वाटलं, घे, गेली मुलगी. त्याने दोन बटणं दाबली आणि नाक परत आलं.

“अनडू,” तो हसत म्हणाला. “आता चुकलं तरी चालतं रे.”

चुकलं तरी चालतं! मी पंधरा वर्षं श्वास रोखून निगेटिव्हवर ब्लेड चालवलं. एक खरवड जास्त पडली की मुलीचा गाल फाटला, तिला पुन्हा बोलवा, पुन्हा साडी, पुन्हा पावडर. आणि ज्याला पेन्सिलीला धड टोक काढता आलं नाही, तो चुकत होता, परत येत होता, पुन्हा चुकत होता. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते ओव्याने थांबणारं नव्हतं.

आणि आया पलीकडे जायला लागल्या. आधी एक, मग तिने सांगितलेल्या दोघी. जाताना माझ्या दुकानाकडे बघायच्या नाहीत, रस्त्याकडे बघत चालायच्या. मी काउंटरवरून मोजायचो.

कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला. खिसा असा होता की नवा आणि चांगला हे दोन शब्द एका वाक्यात घेता येत नव्हते. डोंबिवलीत एक जण सुटे भाग जोडून कॉम्प्युटर द्यायचा. असेम्बल्ड. तो भला माणूस होता. म्हणाला, “साहेब, फोटोचं काम आहे ना? मग बाकी काही बघू नका, दोन गोष्टी बघा. रॅम जेवढी जास्त टाकाल तेवढा फोटो पळेल. आणि मॉनिटर मोठा घ्या, रंग खरा दिसला पाहिजे. डब्बा कसाही असू दे.” उरलेल्या पैशात जुना स्कॅनर बसवून देतो म्हणाला. बायकोने तिथेच मान डोलावली.

पण तसलाच डब्बा समोर होता. उद्या माझाही आला की लोक म्हणणार, ह्याने त्याचं बघून घेतला. बघूनच घेत होतो, पण लोकांनी म्हणायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात नौपाड्यातल्या एका ओळखीच्यांकडे लॅपटॉप विकायचा आहे असं कळलं. त्यांच्या भाच्याने परदेशातून आणलेला, दोन-तीन वर्षं वापरलेला. तोपर्यंत मी लॅपटॉप फक्त मासिकातल्या चित्रात पाहिला होता. वहीसारखा उघडला आणि आत दिवा लागला. मला दुसरं काही सुचेचना. समोरच्याकडे हे नव्हतं. कल्याणातल्या कुठल्याच स्टुडिओत हे नव्हतं!

बायको म्हणाली, “अहो, ह्याचा पडदा बघा. मान खाली घातली की फोटोतली बाई सावळी दिसते आणि वर केली की गोरी.”

“मान कशाला हलवायची?”

“माऊस नाहीये. ही रबराची गुंडी आहे नुसती.”

“सवय होते.”

“तुम्हाला कामाला हवाय की त्याला दाखवायला?”

“दोन्हीला,” मी म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं मास्तरांच्या न बोलण्यासारखं नव्हतं.

पैसे कमी पडत होते. मी फोटो मोठे करायचा एनलार्जर विकला, आणि टेबल विकलं. हो, मास्तरांचं. एका भंगारवाल्याला, खणातल्या कुंचल्यांसकट. आता चुकलं तरी चालतं, मग टेबल काय करायचंय? हातगाडीवर चढवताना काच खणखणली तेव्हा मी आत जाऊन उगाच कॅलेंडर सरळ केलं.

लॅपटॉप मी काउंटरवर असा ठेवला की पलीकडून दिसावा. समोरच्याने पाहिला. दिवसभरात तीनदा पाहिला. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग लक्षात आलं की फोटो आत घालायला स्कॅनर लागतो आणि बाहेर काढायला प्रिंटर. दोन्ही कल्याणात माझ्या ओळखीत एकाच ठिकाणी होते. समोर. जीव गेला असता तरी मी तिथे गेलो नसतो. एक फोटो घेऊन ठाण्याला जायचो, नौपाड्यात एका पत्रिका छापणाऱ्याकडे स्कॅन करायचो, फ्लॉपी खिशात घालून परत. काम झालं की पुन्हा ठाणे. द्राविडी प्राणायाम म्हणतात, तसला प्रकार. बायको फक्त डबा भरून द्यायची.

असाच एक फोटो आला. खाडीकाठच्या गावातला एक कोळी, चाळिशीचा, त्याची आई वारली होती. बाराव्याला फोटो मांडायचा होता आणि उभ्या जन्मात तिचा एकच फोटो निघालेला, मासळी बाजारातल्या परवान्यावरचा. बोटाच्या पेराएवढा, आणि त्यावर गोल शिक्का, अर्धा कपाळावर, अर्धा पदरावर. “आय नीट दिसली पाहिजे,” एवढंच तो म्हणाला.

मी ते काम अंगात आल्यासारखं केलं. दोन दिवस गुंडी रगडून बोटाला घट्टा पडला. शिक्क्याचा गोल काढला, अक्षरं काढली, शाईचे शिंतोडे काढले. चेहरा असा स्वच्छ झाला की मीच मान वरखाली करून बघत राहिलो. मग आधीच्यावरच सेव्ह केलं, कारण फ्लॉपीत दुसऱ्याला जागा नव्हती. ठाण्याला जाऊन मोठा प्रिंट काढून आणला, फ्रेम करायला तयार. मनात म्हटलं, आता हा पलीकडे नेऊन दाखवला पाहिजे.

बाराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला, बरोबर त्याची मावशी. म्हातारी, खणखणीत. त्याने फोटो हातात घेतला. दारातल्या उजेडाशी नेऊन धरला.

“ही आमची आय नाय,” तो म्हणाला.

“अहो, तुमच्याच परवान्यावरून केलाय.”

“आसंल. पन आय नाय ही.”

मला संताप आला. दोन दिवसांचं काम, ठाण्याच्या चार खेपा! मी म्हटलं, शिक्का होता तो काढलाय, म्हणून वेगळी वाटते, डोळे बघा, नाक बघा. तो बिचारा डोळे बघत होता, नाक बघत होता आणि मान हलवत होता. काय गेलंय ते त्यालाही सांगता येत नव्हतं. शेवटी मी मावशीकडे वळलो, म्हटलं तुम्ही तरी सांगा ह्यांना. आणि तेव्हा कुठे तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

तिच्या भुवयांच्या मधोमध तीन हिरवे ठिपके होते. हनुवटीवर एक.

“गोंदन कुठं गेलं रं तिचं?” मावशी म्हणाली. “दोगींनी एकाच दिवशी गोंदून घेतलेलं. मी रडलेली, ती नाय रडली.” मग अगदी शांतपणे म्हणाली, “बाला, मानूस जातं तवा सोनंनानं सगलं हितंच रवतं. गोंदन तेवढं संगती जातं. ते तू कसं काढलंस?”

मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, तीळ काढायचा तर विचारून काढ, गोंदणाला हातच लावायचा नाही. मला माहीत होतं. पण त्या वरखाली रंग बदलणाऱ्या पडद्यावर मला ते शाईचे शिंतोडे वाटले. मी लॅपटॉप उघडून अनडू, अनडू करत बसलो. एकदा सेव्ह करून बंद केल्यावर अनडू कुठलं येतंय? आणि आता ठाण्याला जाऊन, स्कॅन करून, पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. सकाळी सातला विधी होते.

कुंचला हवा होता. चार ठिपक्यांचं काम, एक बारीक कुंचला आणि थोडा रंग. माझ्याकडे आता एक केसही नव्हता.

मी फोटो उचलला आणि रस्ता ओलांडला. मागून तो कोळी, त्याच्यामागून मावशी.

समोरचा आतल्या खोलीत होता. मी पडदा सारला. खिडकीशी माझं टेबल होतं. तीच उतरती फळी, तीच दुधी काच, कोपऱ्यातला तोच तडा. तो त्यावर वाकून निगेटिव्ह भरत होता. आजूबाजूला मोडलेली टोकं पडलेली.

मला बघून तो ताडकन उठला, चोरी पकडल्यासारखा. “भंगारवाल्याला कोपऱ्यावर गाठला मी,” म्हणाला. “रोज दुपारी बसतो थोडा वेळ. पंधरा वर्षं वाटायचं की टेबलातच काहीतरी आहे.” मग निगेटिव्ह उलटी करून ठेवत म्हणाला, “हात दिसतो अजून.”

खोटं कशाला सांगू, आईचं बारावं उद्यावर आलेला माणूस शेजारी उभा असताना मला आनंद झाला. पोटातलं जुनं दुखणं जरा सैल झालं. मी म्हटलं, “कुंचला दे.” त्याने खण उघडला. कुंचले मी ठेवले होते त्याच क्रमाने होते.

मावशीला खिडकीशी बसवलं. आरशातला उजेड तिच्या कपाळावर पडला. कुंचला जिभेवर फिरवून टोक केलं, जवळजवळ कोरडाच रंग घेतला, काचेच्या कडेला दोन-चार ठिपके टाकून पाहिले. पहिला ठिपका अगदी हळू टेकवला, कारण हा चुकला तर परत येणार नव्हता. श्वास रोखला. दुसरा ठेवला. तिसरा. मग हनुवटीवरचा.

मावशीने फोटो जवळ ओढला. आपल्या कपाळाला बोट लावलं, मग तिच्या. “आली गो बाय,” म्हणाली. मुलाने तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं.

ते गेल्यावर समोरच्याने काचेवरच्या माझ्या सरावाच्या ठिपक्यांवर भिंग धरलं. बराच वेळ बघत होता. काही बोलला नाही. भिंग खाली ठेवलं.

“टेबल परत देतोस?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला.

मीही दिलं नसतं.