बिनश्वासाची पोरगी

गाणेबाईंनी कधी कुणाला शाबासकी दिली नाही. गाणं फारच चांगलं झालं, तर त्या फक्त रागवायच्या थांबत. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या शाळेत आम्ही सगळी पोरं त्या थांबण्याची वाट बघत 'सा' लावून बसायचो. कुणी शब्द तोडून मध्येच श्वास घेतला की डस्टर टेबलावर आपटलाच. "श्वास चोरून काहून घेतो गा? तुझाच आहे ना? मग राजरोस घे." श्वास कुठे घ्यायचा, याच्या खुणा त्या लाल पेनाने आमच्या वह्यांत करून देत. मी त्यांना टरकून असायचो आणि माझा त्यांच्यावर जीवही होता. आज त्यांची आठवण आली की मला राग येतो. कुणाकुणाचा, ते सांगतो.

पुढे दम्याने बाईंचं गाणं नेलं. निवृत्त होऊन शहरात नंदनवन वस्तीत राहायला आल्या, तेव्हा दोन ओळी म्हणतानाही त्यांना धाप लागायची. मी मनीषनगरला लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकला होता. एका दुपारी त्या आल्या असताना मी गंमत म्हणून एक जपानी गाणं लावलं. तिकडे या गाण्यांचं मोठं वेड आहे. गाणारी बाई नसतेच. कॉम्प्युटरमधला एक आवाज असतो, आपण सूर आणि शब्द भरायचे आणि त्याने गायचं. मला वाटलं, बाई म्हणतील, काय ही थेरं. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"आवाज गोड आहे पोरीचा," त्या म्हणाल्या, "पण हिले श्वास काहून नाही? आयकून माझाच जीव घाबरून राहिला."

महिनाभरात ती पोरगी बाईंच्या लॅपटॉपमध्ये राहायला आली. पडद्यावर एकेका सुराची पट्टी ओढायची, पट्टीत एकेक अक्षर भरायचं, मींड हवी तर माऊसने रेघ वळवायची. चार ओळींना बाईंचा आठवडा जाई. जपानी शब्द त्या वहीत देवनागरीत उतरवून घेत आणि श्वासाच्या जागी तीच जुनी लाल खूण करत. आम्हाला रागवायच्या तशाच तिलाही रागवायच्या. "नाकात नको गाऊ वं. अन् एवढी घाई कायची? गाडी सुटून राहिली का तुई?"

शब्द लिहून पाठवायची जपानमधली एक नर्स. एका गाण्याखालच्या अभिप्रायांत दोघींची ओळख झाली होती. मोबाइलवर भाषांतर करून त्या एकमेकींशी बोलत, आणि भाषांतराचा कारभार सगळा आनंदच असे. "तिचं बोलणं मले अर्धंच समजते," बाई म्हणायच्या, "पण तिचा राग पुरा समजते."

बाईंच्या जुन्या भजनी मंडळातल्या बायकांना हे कळलं, तेव्हा त्यांनी नाकं मुरडली. स्वतःला गाता येईना म्हणून मशीनकडून गाऊन घेते, हे त्या बाईंच्या तोंडावर बोलल्या. बाईंनी मंडळाच्या पेटीकडे बोट दाखवलं. "हे काय झाडाले लागली होती का?" त्यानंतर त्यांना मंडळाचं बोलावणं आलं नाही. याच बायका पुढे बाईंच्या तेराव्याला येऊन 'केवढी कलावंत हो' म्हणून डोळे पुसत होत्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पण खरा राग त्यांचा नाही. बाईंच्या घरी गेलो की त्या पुष्कळदा पंखा बंद करून, मोबाइल तोंडाशी धरून बसलेल्या असत. मला बघून नुसता हात वर करत, बोलू नको. डॉक्टरने दिलेला काही व्यायाम असेल, असं मी धरून चाललो. एकदाही विचारलं नाही.

तिने लिहिलेल्या शेवटच्या गाण्यात एक नर्स होती. दिवसभर ती सगळ्यांशी गोड बोलते आणि फक्त लिफ्टचं दार बंद असतं तेवढ्यात ओरडून घेते. गाणं पुरं झालं आणि बाईंना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यांनी पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "आवाज कमी-जास्त असंन तर पाहून घे अन् नेटवर टाकून दे. बाकी कुठी हात नको लावू."

मी हात लावला. ओळीओळीच्या मध्ये खरखर होती, घरघर होती. आमच्या धंद्यात पहिला धडा श्वास कापायचा. गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, तेवढे श्वास काढून टाका. मला वाटलं, बाईंचे कान आता थकले. एकेक करून मी सगळे श्वास कापले आणि गाणं नेटवर टाकलं. जपानी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. किती स्वच्छ, किती नितळ, असं लिहिलं. मी नाचतच दवाखान्यात गेलो.

बाईंनी इअरफोन लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"माझे श्वास कुठी गेले?"

"बाई, खरखर होती ती. साफ केली."

"ते माझे होते गा. मोबाइलमध्ये घेऊन एकेक लावला होता तिले." त्या दम खायला थांबल्या. "गाता तर येत नाही आता. त्या गाण्यात माझा आवाज तेवढाच होता."

मी मान खाली घालून थांबलो. दोन शिव्या पडतील, मग माफी मागता येईल. बाईंनी मास्क लावला आणि कूस बदलली. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं वाईट काम केलं होतं आणि त्या रागावल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

बाईंचं मूळ गाणं मी नंतर नेटवर टाकलं. ते फार कुणी ऐकत नाही. ऐकतात ते लिहितात, मधली खरखर काढा, आधीचंच बरं होतं. या लोकांचा मला संताप येतो, आणि त्यांचा कान माझ्यासारखाच आहे म्हणून जास्त येतो.

परवा एक भजनगायक आला होता. रेकॉर्डिंग झाल्यावर म्हणाला, "दादा, श्वास तेवढे कापून टाका."

"नाही कापत," मी म्हटलं. "तुमचेच आहेत ना? नसतील पाहिजे तर दुसरीकडे जा."

तो गेला. मी बाईंचं गाणं मोठ्याने लावलं. पहिली ओळ संपते, पोरगी खरखरीत श्वास घेते आणि माझी पाठ आपोआप ताठ होते, आता डस्टर आपटेल म्हणून. मग दुसरी ओळ सुरू होते.