तुळसाबाई कवठेकर, मुक्काम मिरज

दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास आडवं झाल्याशिवाय जिनदत्त मगदुमांचं चालत नाही, आणि आडवं होताना डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल लागतो. सरोजाबाईंना ही सवय मुळीच आवडत नाही. असा तोंड झाकून निजलेला माणूस बघितला की आल्यागेल्याच्या छातीत धस्स होतं, असं त्या लग्नापासून सांगत आल्या आहेत. मगदूम ऐकून घेतात आणि रुमाल घालतात.

आज मात्र झोप लवकर येत नाही. रुमालाखाली ते या आठवड्यात ऐकलेल्या रेकॉर्डी पुन्हा एकदा मनात वाजवून बघतात. अथणीच्या बाजारातून सात आणल्या होत्या. हार्मोनियमची एक आहे, बरी आहे, वाजवणाऱ्याला घरी जायची घाई दिसते. विनोदी संवादाची एक आहे, तिच्यात हसणारा माणूस एकच आणि तोही रेकॉर्डमधलाच. दोन भजनं आहेत, सोवळ्यात गायल्यासारखी. उरलेल्या तिघींना लेबलच नाही, कागद कधीच उडून गेलेला. त्या न वाजवताच व्हरांड्यातल्या खोक्यात गेल्या. लेबल नाही तर रेकॉर्ड नाही, हा त्यांचा नियम आहे. बाजारातसुद्धा ते असल्या तबकड्यांना हात लावत नाहीत; कुणी गठ्ठ्यात गळ्यात मारल्या तरच त्या घरी येतात. खोक्यात आता चौतीस झाल्या आहेत.

सातांत हवी ती नव्हती. आठ वर्षांत नव्हतीच.

आणि सकाळी मंदाचा फोन आला. मंदा म्हणजे त्यांच्या जुन्या मित्राची, दामू कवठेकरची मुलगी, कोल्हापूरला असते. "काका, रविवारी येते. आजीची रेकॉर्ड न्यायची आहे." मगदुमांनी "ये ये" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उगीच टेबल पुसलं.

रुमालाखाली अंधार आहे. त्या अंधाराला पॉलिशचा वास येतो आहे.

दामू तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिश करतोय. सतारमेकरांच्या गल्लीतलं त्याचं दुकान होतं तसंच आहे, फक्त भिंती जरा लांब सरकल्या आहेत आणि छताला टांगलेले भोपळे हळूहळू श्वास घेतल्यासारखे वरखाली होत आहेत. दामूच्या मांडीवर फडकं, बाजूला पितळी वाडगा. वर न बघता तो म्हणतो, "बस की."

मगदूम नेहमीच्या स्टुलावर बसतात. स्टुलाचा एक पाय अजून आखूडच आहे.

"दामू, तू गेलास ना रे?"

"गेलो की. तुझ्याच खांद्यावरनं गेलो. डावीकडं तू हुतास आन् सारखा वाकडा चालत हुतास. माझं डोकं आपटलं दोनदा."

"माझा गुडघा दुखत होता."

"मग सांगायचं. दुसरं कुणीतरी धरलं असतं."

मगदुमांना बरं वाटतं. आठ वर्षांत असं कुणी बोललेलं नाही त्यांच्याशी. पण बरं वाटण्याआड ती गोष्ट आहे, आणि ती आता सांगितली नाही तर रविवारी मंदासमोर पुन्हा टेबल पुसत बसावं लागेल, हे त्यांना झोपेतही नीट कळतं.

ती गोष्ट अशी. दामूची आई तुळसाबाई गाणारी होती. दामू चार वर्षांचा असताना ती गेली. फोटो नाही, कागद नाही, मागे राहिली ती एक रेकॉर्ड. त्या काळी गाणं संपता संपता गाणाऱ्याने आपलं नाव सांगायची पद्धत होती, कारखान्यात लेबल चिकटवणाऱ्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून. तुळसाबाईंनीही सांगितलं होतं, "तुळसाबाई कवठेकर, मुक्काम मिरज." गाण्याशी दामूला फारसं देणंघेणं नव्हतं. तो सुई उचलून थेट शेवटच्या बोटभर जागेवर ठेवायचा. आई बोलायची. तो पुन्हा सुई उचलायचा.

ती रेकॉर्ड टेप करून देतो म्हणून मगदुमांनी घरी नेली, आणि आधी जरा स्वच्छ करावी म्हणून स्पिरिटने पुसली. उभा जन्म त्यांनी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढलेला. जगातली कुठलीही घाण स्पिरिटने निघते यावर त्यांचा देवाइतका विश्वास. कापूस काळा होत गेला तसे ते खूश होत गेले, केवढा मळ निघतोय म्हणून. तो मळ नव्हता, तबकडीच निघत होती. आतून, लेबलाच्या कडेपासून त्यांनी सुरुवात केली होती. गाणं निम्मं वाचलं. नाव गेलं.

"पुण्याला पाठवलीय टेप करायला," असं त्यांनी दामूला सांगितलं. दोन वर्षं सांगितलं. मग दामूच गेला.

"दामू," मगदूम म्हणतात, "रेकॉर्ड पुण्याला गेलीच नव्हती. मी पुसली ती. स्पिरिटनं."

दामूचा हात थांबतो. टांगलेले भोपळेही थांबतात.

"ह्यात काय हाय?" तो वाडगा पुढे करतो.

"लाख."

"आन् लाख कशात इरघळायला घातलीया?"

"स्पिरिटमध्ये."

"तीस वरसं माझ्याम्होरं ह्या स्टुलावर बसून च्या पीत हेच बघत हुतास न्हवं?"

"हो."

"आन् रेकॉर्ड कशाची असती?"

मगदूम मान खाली घालतात. "लाखेची."

"मग रे?"

"मला वाटलं, तुझं काम वेगळं, माझं वेगळं," ते कसंबसं म्हणतात.

"मला इचारायचं की लेका. पाच मिन्टाच्या वाटंवर तर हुतो." दामू ओरडत नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो वाडग्यातल्या काळ्या पाण्यात बघतो, फडकं बुडवतो आणि पुन्हा भोपळ्यावर गोल गोल फिरवायला लागतो, आणि मगदुमांना दिसतं की भोपळ्यावर बारीक, एकात एक, गोल रेघा उमटत आहेत.

"माफ कर, दामू."

"त्येचं मी हितं काय करू? ठेवायला जागा न्हाई. सोधतोयस का न्हाई, ते सांग."

"शोधतोय रे, तिचीच दुसरी प्रत. आठ वर्षं झाली. अथणी, जमखंडी, चिकोडी, गोकाक. कवठ्याला तर तीनदा गेलो. पंचवीस तीस बाजार पालथे घातले. लेबल वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढला."

अथणीच्या बाजारातच ते दोघं आता चालत आहेत. मिरच्यांच्या पोत्यांमधून वाट आहे, आणि पोत्यांत मिरच्या नाहीत, तबकड्या आहेत, उभ्या रचलेल्या. वर ऊन आहे पण सावली कुणाचीच पडत नाही. दामू एकेका पोत्यात हात घालून पुढे जातो.

"ही बघितलीस?"

"तिला लेबल नाही."

"ही?"

"तिलाही नाही. दामू, लेबल नाही तर रेकॉर्ड नाही. हा नियमच आहे माझा."

"कुणी केला?"

मगदूम उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि ते दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीमागे उभे आहेत. पांढरा कोट, हातात गोंदाची बाटली. खिडकीबाहेर रांग आहे, रस्त्यापर्यंत. सगळ्यांच्या छातीशी एकेक तबकडी धरलेली आहे, मधली जागा कोरी.

"चिठ्ठी?" मगदूम विचारतात.

पहिला म्हातारा मान हलवतो.

"चिठ्ठी नाही तर औषध नाही. पुढचा."

पुढच्याकडेही नाही. त्याच्या पुढच्याकडेही नाही. मगदुमांना आपला आवाज ओळखीचा वाटतो. असंच तर ते पस्तीस वर्षं म्हणत आले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मग एक नऊवारीतली बाई येते. वय काही फार नाही. तिच्या तोंडावर नेमका खिडकीच्या गजाचा पट्टा आला आहे, त्यामुळे चेहरा दिसत नाही.

"चिठ्ठी न्हाई," ती म्हणते. "नाव सांगू?"

"नावावर औषध मिळत नाही, बाई. चिठ्ठी आणा."

"नाव सांगत्ये की."

मगदूम खिडकीचं दार ओढून घेतात. हाताला सवयच आहे ती. काचेपलीकडे बाईचे ओठ हलतात. आवाज येत नाही.

ते धडपडून दार पुन्हा उघडतात. बाहेर रांग नाही. बाकड्याच्या टोकाला एकटा दामू बसला आहे, नंबर येण्याची वाट बघत असल्यासारखा.

"सांगत हुती की ती," तो म्हणतो.

"कोण होती? तुझी आई?"

"मला काय ठावं. तिचं तोंड मी कुठं बघितलंय? मला निस्ता आवाज ठावा हाय." दामू वर बघतो. "तू ऐकलास काय?"

मगदुमांना रडू येतं. ते लपवत नाहीत. पांढऱ्या कोटाने डोळे पुसायला जातात, तर दामू त्यांच्या खिशातला रुमाल ओढून घेतो. त्याची ही जुनी खोड. काही विसरायचं नसलं की तो रुमालाच्या टोकाला गाठ मारायचा, तंबोऱ्याची तार बांधताना देतात तसा दुहेरी पीळ घालून. ती गाठ त्याच्याशिवाय कुणाला यायची नाही, आणि मारलेली गाठ कशासाठी होती हे तो हमखास विसरायचा.

"कशासाठी मारतोयस?"

"तुला हाय ही, मला न्हाई. मंदी येणार हाय. पोरीला खोटं सांगायचं न्हाई." तो पीळ ओढून घट्ट करतो. "आन् ज्यांच्यावर नाव न्हाई, त्यांचा शेवट लावून बघायचा. त्या आपलं नाव आपण सांगत्यात. सांगायचं म्हणूनच तर सांगून ठेवलंय त्यांनी. सगळ्यांचा लावायचा. माझी सापडली म्हणून बाकीच्या टाकायच्या न्हाईत."

"आणि नाही सापडली तर?"

"तर फुडला बाजार." दामू उठतो. "गुडघ्याला बांधून जात जा काहीतरी."

"दामू, थांब की जरा."

कुठेतरी तंबोऱ्याची तार कुणीतरी पिळतं आहे, आवाज चढत चढत जातो आणि किटलीच्या शिट्टीत मिसळतो.

"चहा झालाय," सरोजाबाई स्वयंपाकघरातून म्हणतात.

मगदूम उठून बसतात. खिडकीतून उन्हाचा पट्टा कॉटवर आला आहे. रुमाल छातीवर घसरला आहे. तो उचलताना बोटाला काहीतरी कडक लागतं.

टोकाला गाठ आहे. दुहेरी पिळाची.

ते तिच्याकडे बघत राहतात. झोपताना रुमाल इस्त्रीचा होता; घडी त्यांनीच घातली होती. झोपेत आपणच मारली म्हणावी, तर जागेपणी ही गाठ त्यांना कधी जमलेली नाही. दामूने चारदा शिकवली होती आणि चारदा नाद सोडला होता. नखाने सोडवून बघतात, सुटत नाही. मग ते नाद सोडतात आणि व्हरांड्यात जाऊन खोकं आत ओढून आणतात.

"आता हे काय काढलंय?" सरोजाबाई विचारतात.

"चौतीस आहेत," मगदूम म्हणतात. "कोण आहेत ते विचारायचं राहिलंय."

पहिली तबकडी ते कोरड्या मऊ कापडाने पुसतात. सुई शेवटच्या बोटभर जागेवर ठेवतात. आधी खरखर, मग तानेचं शेपूट, मग क्षणभर काहीच नाही. मग एक बाई, जरा घाबरलेली, पण स्पष्ट: "चिमाबाई अंकलेकर."

तुळसाबाई नाही. तरीही सुई उचलायचं मगदुमांच्या मनात येत नाही. ही बाई दोन वर्षं या खोक्यात होती. तिचाही कुणी चार वर्षांचा असेल. ते कागदाचा गोल तुकडा कापतात, त्यावर नाव लिहितात आणि औषधाच्या बाटलीवर चिकटवायचे तसा गोंदाने मधोमध चिकटवतात, कडा अंगठ्याने दाबून.

मग ते फोन उचलतात. दुसरी तबकडी लावायच्या आधीच, कारण नंतर धीर राहील याची त्यांना खात्री नाही.

"मंदा, काका बोलतोय. आजीची रेकॉर्ड पुण्याला गेलीच नव्हती. माझ्या हातून खराब झाली. मी तुझ्या बाबाशी खोटं बोललो."



"शेवटचं तिचं बोलणं?" मंदा विचारते. "तेपण?"

"ते सगळ्यात आधी गेलं."

"काका, बाबा शेवटपर्यंत विचारत होते. दवाखान्यातसुद्धा."

"माहीत आहे मला."

मगदूम रिसीव्हर घट्ट धरून ठेवतात. ठेवून द्यावा असं वाटतं आणि ते ठेवत नाहीत.

"नाव नसलेल्या तेहतीस रेकॉर्डी आहेत घरात," ते म्हणतात. "त्यांतली एखादी तिची असू शकेल. नसेलही. नसली तर बुधवारी मी जमखंडीला जातोय, तिथल्या नाव नसलेल्या सगळ्या मी सोडून आलो होतो. पण या तेहतीस, तू म्हणत असशील तर, तू येईपर्यंत वाजवत नाही."

मंदा नाक ओढते. मग तिचा आवाज येतो, कोरडा, बापासारखा.

"रविवारी किती वाजता येऊ?"

"सकाळीच ये," मगदूम म्हणतात, आणि चहा गार झाल्याचं सरोजाबाई दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा ते गाठीसकट रुमाल सदऱ्याच्या खिशात ठेवून आत जातात.