करून राह्यली

निघाले त्या दिवशी आई भाकरी बांधत होती आणि बाबा अंगणात माझ्या बॅगेची चेन दुरुस्त करत बसले होते. चेन नीटच होती. पण हाताला काम नसलं की बाबांना करमत नसे, आणि त्या वर्षी काम नव्हतंच. ते राळेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर. बोंडअळीनं शिवारातला कापूस खाल्ला, मग जिनिंगला माल येणार कुठून? मशीन उभी, फिटर घरी. मी यवतमाळला आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाले होते. चाकणच्या एका कारखान्यानं मेंटेनन्सला अप्रेंटिस म्हणून बोलावलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "मशीनले हात लावाच्या आंधी इचारजो, बंद हाय का म्हून."

मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडं मजा असन ना? काय सांगू. शिफ्ट, कंपनीची बस, कॉट, पुन्हा शिफ्ट. आमच्या कामाचं असं आहे की सगळं सुरळीत असेल तेव्हा आमची कोणाला आठवण नसते, आणि बेल्ट थांबला की जो तो आमच्या नावानं ओरडतो. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्याच बाहेर पडल्या, त्यांना हे सांगायला नको.

अप्रेंटिस असतानाची गोष्ट. कन्व्हेयरच्या खाली सेन्सर बदलत होते. बटण पलीकडच्या टोकाला, आमच्या सरांच्या हाताशी. त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "झालं का गं?" मी म्हटलं, "करून राह्यली." आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: अजून करतेय. सर सांगलीकडचे. त्यांनी 'करून' ऐकलं आणि काम करून झालं असं समजून बेल्ट सुरू केला. हातमोजा रोलरमध्ये गेला, हात तेवढा निघाला. सर धावत आले. माझा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "अगं, मराठीच बोलतोय ना आपण दोघं?"

त्यानंतर मेंटेनन्सच्या प्रत्येकाला स्वतःचं कुलूप मिळालं. ज्यानं बटणाला लावलं, त्यानंच काढायचं. पण मी तोंडालाही कुलूप लावलं. 'करतेय', 'झालं', 'थांबा'. एवढ्या शब्दांत माझी नोकरी कायम झाली. फोनवरही तेच बोलू लागले तेव्हा आई हसायची, "पुन्याची झाली ही." मलाही तेव्हा हसूच यायचं. आता येत नाही.

यंदाच्या दिवाळीचं सांगते. दिवाळीत कारखाना बंद, म्हणजे आमची खरी कामं सुरू. वर्षभर चालणारी मशीन तेव्हाच उघडता येतात. घरी हे नीट सांगायचं राहून गेलं. 'बघते' म्हणत दिवस ढकलले. धनत्रयोदशीला दुसरी शिफ्ट करून कंपनीच्या बसमध्ये बसले होते, डोळे मिटत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "घरी निघून राह्यली ना बाई?"

"हो बाबा, रस्त्यातच आहे," मी म्हटलं आणि खोलीवर जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन. "कोनत्या गाडीत हायेस तू? तुहे बाबा सकायपासून स्टँडवर बसून हायेत."

पॅनेल उघडं होतं, माझं कुलूप बटणाला होतं. बाबांनी कोणतं घर ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी माझं घर एकच आहे. आणि मला विचारावंसं वाटलं नाही, कारण घर म्हटल्यावर मला ती खोलीच आठवली. चार पोरींची, ओल आलेली खोली. हात गेला असता तरी इतकं लागलं नसतं.

आईला कसंबसं खरं सांगितलं आणि म्हटलं, बाबांना घरी घेऊन ये.

"दोनदा बलावलं," तासाभरानं ती पुन्हा फोन करून म्हणाली. "आयकत नाहीत. म्हनतात, पोरगी सोता म्हनली रस्त्यात हावो म्हून, थे खोटं कायले बोलन?"