कॅनमधलं पाणी

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तिला एवढंच माहीत आहे की मी खेकडे, चिंबोऱ्या खात नाही — अंगावर पित्त उठतं, असं सांगून ठेवलंय. तेही खरं नाही.

कुठून सुरुवात करू? पाण्यापासूनच करतो.

प्रभादेवीच्या पलीकडे, कोळीवाड्याच्या धक्क्यापाशी एक नाला समुद्राला मिळतो. वरच्या अंगाला गॅरेजं आहेत. ओहोटीला तिथं उभं राहिलं की पाण्यावर ऑइलचे रंग सावकाश पसरताना दिसतात — जांभळा, मोरपंखी, पिवळा. मला ते सुंदर वाटायचे. अजूनही स्वप्नात येतात. आवाज नसतो, नुसते रंग, आणि मी त्यांच्यावरून चालतोय, पाय कोरडेच.

चांगुणामावशी त्याच वाड्यातली. काळाचौकीच्या आमच्या चाळीत ती आईच्या वेळेपासून मासळी घेऊन यायची. चिंबोऱ्या मात्र टोपलीत बांधून धक्क्याखालच्या पाण्यात सोडून ठेवायची; गिऱ्हाईक आलं की जिवंत वर काढायची. पुढे त्यांना ऑइलचा वास यायला लागला. नाल्याचं तोंड वळवा, म्हणून वाड्यातल्या बायका वॉर्ड ऑफिसासमोर जाऊन बसल्या. मावशी सगळ्यात पुढे.

मी तेव्हा परळच्या एका प्रयोगशाळेत होतो; शिकलेला म्हणून मावशी मला मास्तर म्हणायची. तेल आणि पाणी वेगळं करणारी जाळी आम्ही बनवत होतो — बारीक पोलादी जाळी, तिच्यावर ग्राफीन ऑक्साइडचा लेप, केसाहून कितीतरी पातळ. पाणी तिच्यातून खाली उतरतं, तेल वरच थबकतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा ओतून बघत राहिलो. थेंब जणू आपापलं घर ओळखून निघाले होते.

पण नाल्याच्या पाण्यात गॅरेजांचा साबणही असतो. साबणानं तेल फुटतं, पाण्यात दुधासारखं मिसळून जातं, आणि आमची जाळी थोड्याच वेळात बुजायची. हे मला माहीत होतं — चाचणी मीच घेतली होती.

मग नाला वळवण्याऐवजी त्यावर आमची जाळीच बसवायचं वॉर्ड ऑफिसात घाटू लागलं, आणि धक्क्यावर ती दाखवायचा दिवस आला. अधिकारी आले, सगळा वाडा जमला. आणि मी — नाल्याचं म्हणून जे पाणी जाळीवर ओतलं, ते नाल्याचं नव्हतंच. आदल्या दिवशी प्रयोगशाळेत मीठ आणि ऑइल घालून मीच बनवलेलं, कॅनमधून आणलेलं. बिनसाबणाचं.

खाली काचेच्या टाकीत नितळ पाणी साचलं. मावशीनं त्यात एक चिंबोरी सोडली. तिनं नांगी उगारली तशी बायका हसल्या. मावशी अधिकाऱ्यांना म्हणाली, "आमचा मास्तर हाय तो. माझ्याच बोंबलांवर वाढलाय."

बायकांनी वॉर्ड ऑफिसासमोरचं धरणं उठवलं. नाल्याचं तोंड वळवायची मागणी तिथंच मिटली. जाळी बसली, बुजली, आणि नाला पूर्वीसारखाच धक्क्यापाशी येत राहिला.

इथं थांबता आलं असतं. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा निघाल्या, तेव्हा मावशी आमच्याकडे डबा घेऊन आली. चिंबोऱ्यांचं कालवण. "तुझा वाटा," म्हणाली — बोटीवरच्या माणसाला देतात तसा. समोर बसून तिनं मला खायला लावलं. मग हळूच, जरा लाजून विचारलं, "वास येतंय का रं? मला अजून येतंय. सून म्हणते, तुमच्या मनाचा खेळ हाय."

खरं सांगायला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, "नाही मावशी. कसला वास?" आणि नांगी फोडून दुसरा घास घेतला.

ती हसली. चेहरा मोकळा झाला तिचा. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगत राहिली — वास नाय, मास्तरनं खाऊन बघितलंय. गिऱ्हाइकं एकदा नेत, परत येत नसत. टोपली आता तिच्या पडवीत सुकत टांगलेली आहे. माणसांना काय झालंय, ते तिला कळत नाही. स्वतःच्या नाकाला काय झालंय, तेही नाही. दूध नासलंय का, हेसुद्धा ती आता सुनेला हुंगायला लावते.

भेटली की माझ्या गालावरून हात फिरवते.

वास येत होता. पहिल्या घासालाच आला होता.