हाताचा चोक

“थंड इंजिनाला हवा कमी द्यायची म्हणून ही झडप मिटते. पण इंजिन तापल्यावर ती उघडतच नाही,” गॅरेजवाले सलीमचाचा बाबांना सांगत होते. “हा ऑटोमॅटिक चोक काढून टाकू. हाताचा बसवतो.”

मी दारातच उभी होते. आमच्या जुन्या गाडीची ती झडप जेमतेम नाण्याएवढी. काल तिच्यामुळेच, उतारावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला तरी इंजिन घोंघावत राहिलं आणि गाडी मला ओढत पुढे गेली. शाळेच्या फाटकाशी कशीबशी थांबली. मुलं हसली, शेजारी बसलेले बाबाही हसले. मीही हसले. 

माझ्या आतही अशी एक झडप असावी. माणसं दिसली की आपोआप मिटते, आणि ओळख जुनी झाली तरी उघडत नाही. आत सगळं सुसाट धावत असतं. लोक म्हणतात, किती शांत मुलगी!

चाचांनी डॅशबोर्डखाली काळी मूठ बसवली. “सुरू करताना ओढायची, बेटा. गाडी तापली की आठवणीनं आत ढकलायची. आता ते काम तुझं.”

“चल, तूच ने घरी,” बाबांनी किल्ली पुढे केली. “काल काय झोकात आणलीस!”

मी मूठ ओढली. इंजिन सुरू झालं. तापमानाचा काटा वर आल्यावर मूठ आत ढकलली, तशी घरघर मंदावली. समोर तोच उतार होता.

“बाबा,” मी म्हणाले, “काल मला फार भीती वाटली. आत्ताही वाटतेय.”